उघड्या दारातला अडथळा

बाबांचा फिजिओथेरपीचा रिपोर्ट दीड पानाचा होता आणि सगळा इंग्रजीत. आपल्याविषयी जे काही लिहून येईल ते मराठीतून वाचून दाखवायचं, मधलं काही गाळायचं नाही, हे त्यांनी पार्किन्सन्सचं निदान झालं त्याच दिवशी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. भाषांतर हे माझं रोजचं काम. औषधांच्या खोक्यातली पत्रकं, करारनामे, यंत्रांच्या माहितीपुस्तिका हे सगळं वीस वर्षं मराठीत आणत आले आहे. त्यामुळे डोळे इंग्रजी ओळीवर आणि तोंडात मराठी, हे मला सवयीचं. दुसऱ्या पानावर एक वाक्य आलं. चालता चालता पाय एकदम थिजतात, त्याला तिथे ‘फ्रीझिंग’ म्हटलं होतं. हे फ्रीझिंग चालण्याला ‘इम्पीड’ करतं, विशेषतः दारातून जाताना, असं पुढे होतं. मी न अडखळता म्हणाले, “पाय थिजल्यामुळे चालण्यात अडथळा येतो, जास्त करून दारापाशी.” बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले आणि खोलीच्या दाराकडे पाहिलं. “कसला अडथळा?” मला वाटलं, नीट ऐकू आलं नसेल. मी वाक्य पुन्हा म्हटलं. ते तसेच दाराकडे पाहत राहिले. त्यांचा आवाज तेव्हाच बारीक व्हायला लागला होता, तरी शब्द स्पष्ट होते. “दारात काही नसतं गं. दार उघडं असतं. अडथळा असता तर मी तो ओलांडला असता.”

मी पुढचं वाचलं. व्यायाम, औषधांच्या वेळा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. कागद घडी करून फायलीत ठेवला. पण त्यांचं ते वाक्य फायलीत जाईना. रात्री दिवा मालवल्यावरही त्या दाराचा चौकोन डोळ्यांसमोर येत राहिला. उंबरठासुद्धा नाही त्या दाराला. फरशी अलीकडून पलीकडे सरळ गेलेली. पलीकडच्या खोलीतला उजेड त्या फरशीवर पडलेला असतो. त्या उजेडाच्या काठाशी येऊन बाबांचे पाय थांबतात. टाचा किंचित उचललेल्या, चवडे जमिनीला चिकटलेले, आणि गुडघे थरथरत असतात. आत पाऊल निघालेलं असतं, बाहेर येत नसतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या कामाच्या फायली उघडल्या आणि एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. इम्पीड, हिंडर, हॅम्पर, ऑब्स्ट्रक्ट, या सगळ्यांसाठी मी वर्षानुवर्षं एकच शब्द वापरत आले होते. तपासाला अडथळा, वाढीला अडथळा, पाण्याच्या प्रवाहाला अडथळा, कामात अडथळा. कुणी कधी हरकत घेतली नाही, कारण चुकीचं काहीच नव्हतं. शब्दकोशही तेच सांगतो. पण बाबांनी दाराकडे पाहिलं होतं. ‘अडथळा’ हा शब्द ऐकला की माणूस समोर पाहतो. अडथळा वाटेत असतो. दगड, पडलेलं झाड, बंद फाटक, मधे उभा असलेला माणूस. त्याला आकार असतो, जागा असते, तो दाखवता येतो, हटवता येतो, नाहीतर वळसा घालून पुढे जाता येतं. बाबांनी त्यांच्या वाटेत तो शोधला आणि त्यांना तो सापडला नाही.

तो तिथे नव्हताच.

‘इम्पीड’च्या पोटात पाय आहे. लॅटिनमध्ये ‘पेस’ म्हणजे पाऊल, ‘पेदिस’ म्हणजे पावलाचा. त्यावरून झालेलं ‘इम्पेदिरे’ हे क्रियापद म्हणजे पाय अडकवणे, पाय बांधणे. त्याचं उलट ‘एक्सपेदिरे’, म्हणजे अडकलेले पाय मोकळे करणे. त्यातून इंग्रजीत ‘एक्सपिडाइट’ आला, काम लवकर मार्गी लावणे या अर्थाने, आणि ‘एक्सपिडिशन’ही आला, मोहीम. किती कागदांवर मी ‘एक्सपिडाइट’चं ‘त्वरा करणे’ केलं असेल. त्यात घाई मुळात नाहीच, कुणाच्या तरी पायातली गाठ सोडवणं आहे, हे मला इतक्या उशिरा कळलं. रोमन सैन्याबरोबर जे सामानसुमान जायचं, तंबू, धान्य, अवजारं, ओझ्याची खेचरं, त्या सगळ्याला ते ‘इम्पेदिमेंता’ म्हणायचे. म्हणजे पायात येणाऱ्या वस्तू. शत्रू समोर असतो, त्याला वेगळे शब्द. हे मात्र आपलंच, आपल्याबरोबर चालणारं, ज्याच्यावाचून चालणार नाही आणि ज्याच्यामुळे चाल मंदावते असं. लष्करी सामानाला हे नाव ज्यांना सुचलं त्यांनी चिखलाच्या वाटेने पुष्कळ सामान वाहिलेलं असणार, असं मला वाटतं.

मग आपल्याकडचा शब्द शोधत बसले आणि तो इतका जवळ होता की वाईट वाटलं. पायबंद. फारसीतून आलेला. ‘पाय’ म्हणजे पायच आणि ‘बंद’ म्हणजे बांधणारं. घोड्याचा पाय बांधायची दोरी. तो फारसी पाय, आपला पाय, संस्कृतातला पाद, लॅटिनचा पेस आणि इंग्रजीतला फूट, सगळे एकाच जुन्या मुळाचे. बेडीला इंग्रजीत ‘फेटर’ म्हणतात, त्याच्याही तळाशी तोच पाय. इतक्या भाषांमध्ये माणसांनी न चालता येण्याची गोष्ट सांगताना खाली, आपल्या पावलांकडे पाहिलं होतं. पण ‘पायबंद’ मला रिपोर्टात वापरता आला नसता. आज आपण पायबंद घालतो तो गैरप्रकारांना, खर्चाला, अफवांना. शब्दातला घोडा केव्हाच निघून गेला आणि जरब तेवढी उरली. बाबांच्या चालण्याला पायबंद, असं म्हटलं असतं तर त्यांनी कुणीतरी आपल्याला शिक्षा केली आहे असं ऐकलं असतं.

मराठीत असे शब्द ओळीने उभे आहेत, आणि नीट पाहिलं तर प्रत्येकाची जागा वेगळी आहे. आडकाठी वाटेत आडवी पडते. अडसर दाराला आतून लागतो. खीळ चालत्या वस्तूला बसते. खोडा म्हणजे ज्यात कैद्याचे पाय अडकवत ते लाकूड. लोढणं गुराच्या गळ्यात बांधलेलं असतं, म्हणजे ते चरत राहतं, हिंडत राहतं, पण धावू शकत नाही. लोढण्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण ‘इम्पीड’चा वापर पाहताना हेच सतत दिसत होतं. ‘प्रिव्हेंट’ केलं की गोष्ट घडतच नाही. ‘इम्पीड’ केलं तर घडते. सावकाश, कष्टाने, अर्धीमुर्धी, पण घडते. ‘धुक्याने शोधकार्य इम्पीड झालं’ असं बातमीत वाचलं, तर समजायचं की शोधकार्य चालू आहे. धुक्यातून टॉर्च घेऊन माणसं चालली आहेत. आणि बहुतेक वेळा या क्रियापदाचा कर्ता माणूस नसतो. धुकं, चिखल, सूज, कागदपत्रं, भीती. ‘ऑब्स्ट्रक्ट’मध्ये बांधकाम आहे. लॅटिनमध्ये ‘स्त्रुएरे’ म्हणजे रचणे, ज्यातून ‘स्ट्रक्चर’ आणि ‘कन्स्ट्रक्ट’ आले, आणि ‘ऑब्स्ट्रक्ट’ म्हणजे कुणाच्या तरी वाटेवर भिंत रचणे. रचणारा कुणीतरी असतो आणि त्याने ते ठरवून केलेलं असू शकतं. म्हणूनच न्यायाच्या कामात आडवं येणं हा गुन्हा सांगताना कायद्याला ‘ऑब्स्ट्रक्ट’ लागतो. ‘थ्वार्ट’मध्ये, म्हणजे बेत हाणून पाडण्यात, आडवेपणा आहे. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘आडवा’ या शब्दावरून तो आला. नावेत या काठापासून त्या काठापर्यंत आडवी टाकलेली वल्हेकऱ्याची फळी असते, तिलाही थ्वार्टच म्हणतात. म्हणजे आपली आडकाठीच. पण ‘थ्वार्ट’ झालेला बेत संपतो, तिथे पुढे काही उरत नाही. ‘इम्पीड’ झालेलं पाऊल उरतं. ते अजून निघायचंच असतं.

विजेच्या शास्त्रात हा फरक फार स्वच्छ दिसतो. १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने ‘इम्पीडन्स’ हा शब्द घडवला. सरळ एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेला तारेचा जो विरोध होतो त्याला ‘रेझिस्टन्स’ हा शब्द आधीपासून होता. पण सतत दिशा बदलणारी वीज, म्हणजे आपल्या घरात येते ती, तिला तारेच्या गुंडाळीतून आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमधून जाताना आणखी एका प्रकारचा विरोध सोसावा लागतो. तो विजेची ताकद खात नाही, ती काही क्षण साठवून परत देतो आणि तेवढ्यात तिची लय मागेपुढे करतो. दोन्ही विरोध मिळून इम्पीडन्स, मोजायचा रेझिस्टन्ससारखा ओहम या एककातच. मला यातलं गणित येत नाही, पण एक गोष्ट कळते. इम्पीडन्स असूनही वीज वाहते. सोनोग्राफी करताना पोटावर थंडगार जेल लावतात तेही याच कारणाने. हवा आणि शरीर यांच्या ध्वनीविषयक इम्पीडन्समध्ये, म्हणजे ध्वनीला होणाऱ्या विरोधात, इतका फरक असतो की मधे हवेचा पातळ थर जरी राहिला तरी ध्वनिलहरी कातडीवरूनच माघारी फिरतात. जेल ती फट भरून काढतं. बाबांची सोनोग्राफी झाली तेव्हा मी शेजारी उभी होते. पोटावर जेल पडताच त्यांनी श्वास आत ओढला तो आवाज आठवतो. दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असल्या की मधे काहीतरी ओलं, मऊ लागतं, नाहीतर काहीच पलीकडे पोचत नाही.

‘हिंडर’कडे मात्र मी शेवटी आले, आणि तिथे मला बरं वाटलं नाही.

‘हिंडर’ म्हणजे मागे ठेवणे. ‘बिहाइंड’मधला ‘हाइंड’ तोच. पाय नाही, भिंत नाही, आडवं लाकूड नाही, फक्त मागे असणं आणि मागे ओढणं. बाबा दारात थिजायचे तेव्हा मी नेमकी त्यांच्या मागे असायची. डावा हात त्यांच्या कोपराखाली, उजवा पाठीवर. “चला बाबा. उचला पाय. चला ना.” माझा आवाज गोड असायचा, पण त्यात घाई असायची. दाराची बेल वाजलेली असायची, किंवा डॉक्टरांची वेळ झालेली असायची, किंवा गॅसवर काहीतरी असायचं. तळव्याला त्यांच्या सदऱ्यातून घाम लागायचा. मी किंचित पुढे लोटायची, कारण मला वाटायचं की एवढासा रेटा मिळाला की पाऊल सुटेल. व्हायचं उलटंच. वरचं अंग पुढे झुकायचं, पाय जागेवर, आणि दोघेही पडता पडता वाचायचो. पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टबाईंनी आम्हाला दारातून जायला सांगितलं आणि माझे हात पाहिले. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “ओढायचं नाही, ढकलायचं नाही, घाई करायची नाही. आधी थांबा. दोघंही थांबा. मग वजन एका पायावर, मग दुसरा पाय.” पाय थिजलेल्या माणसाला घाई केली की पाय आणखी थिजतात, चालताना बोलायला लावलं तरी थिजतात, अरुंद जागेत आणि वळताना तर थिजतातच. म्हणजे तीन वर्षं मी जे काळजी म्हणून करत होते, त्याला इंग्रजीत एक नेमकं क्रियापद होतं.

इंग्रजीत एक ‘लेट’ आहे, ज्याचा अर्थ होऊ देणे, सोडणे. त्याच उच्चाराचा आणखी एक जुना ‘लेट’ आहे, ज्याचा अर्थ अडवणे. जुन्या इंग्रजीत ते दोन वेगळे शब्द होते. झिजत झिजत एकसारखे झाले. अडवणारा ‘लेट’ आता बोलण्यातून गेला आहे, फक्त काही ठरीव शब्दसमूहांत राहिला आहे. ब्रिटिश पासपोर्टवर आणि आपल्याही पासपोर्टवर, हा धारक ‘लेट’ किंवा ‘हिंड्रन्स’ न होता जाऊ द्यावा अशी विनंती छापलेली असते. टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला घासून पलीकडे पडली की पंच ‘लेट’ म्हणतात, तोही हाच, असं मानलं जातं. एकाच आवाजात सोडणं आणि अडवणं. ऐकणाऱ्याला संदर्भावरून कळायचं असेल. पाठीवरच्या हाताचंही असंच आहे की काय, त्या हाताला स्वतःला ते कळत नाही, ज्याच्या पाठीवर तो असतो त्याला कळतं, हा विचार मनात आला आणि मग अनेक दिवस तो हात कुठे ठेवायचा हेच मला समजेनासं झालं. भाजी चिरताना, दार लावताना, बाबांच्या अंगावर चादर घालताना.

त्याच भेटीत बाईंनी रंगीत चिकटपट्ट्या आणायला सांगितल्या होत्या. दाराच्या अलीकडे आणि पलीकडे, एकेका पावलाच्या अंतरावर, फरशीवर आडव्या पट्ट्या लावायच्या. उभ्या नाही, चालण्याच्या दिशेने जाणाऱ्या नाहीत, आडव्याच. मला वाटलं, खूण म्हणून असतील. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की ही युक्ती जुनी आहे. जेम्स पर्डन मार्टिन या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टने १९६७ सालीच तिच्याविषयी लिहून ठेवलं होतं. मोकळ्या, सपाट जमिनीवर ज्याचं पाऊल निघत नाही, त्याच्यासमोर आडवी रेघ आखली, किंवा लाकडाचा ठोकळा ठेवला, की तो ते ओलांडून चालू लागतो. अशी माणसं जिना चढतात आणि सपाटीवर थिजतात. आपण विचार न करता चालतो ते मेंदूतल्या ज्या यंत्रणेच्या जोरावर, ती या आजारात क्षीण होते. पण समोर काहीतरी दिसलं आणि ते ओलांडायचं ठरवलं, तर पावलाचा हुकूम वेगळ्या वाटेने येतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. मी ते वाचत असताना शेजारच्या खोलीत बाबा झोपलेले होते. मी उठले, दारात जाऊन उभी राहिले आणि त्यांचं ते वाक्य मला पुन्हा ऐकू आलं. अडथळा असता तर मी तो ओलांडला असता. मी ते उद्वेगाचं बोलणं समजले होते. ते तर वर्णन होतं. आपल्या शरीराचं इतकं काटेकोर वर्णन त्यांनी केलं होतं, आणि भाषांतर करणारी मी, मला ते ऐकून कळलं नव्हतं.

आडकाठी पायबंद सोडवते. कुठल्याही शब्दकोशात हे मिळालं नसतं, तिथे दोघी एकाच ओळीत, समानार्थी म्हणून बसल्या आहेत.

पट्ट्या पिवळ्या आणल्या. रोलवरून सुटताना तिचा चर्र आवाज यायचा, बाबा खुर्चीत बसून तो ऐकत होते. पावलाचं अंतर मोजायला मी त्यांचीच चप्पल घेतली होती. गुडघ्यांवर बसून एकेक पट्टी दाबत गेले, हवा राहू नये म्हणून अंगठ्याने घासत. उंबरठा नव्हता तिथे सगळ्यात जाड पट्टी लावली. संपल्यावर ते म्हणाले, “वाचून दाखव परत.” मला आधी कळलं नाही काय. मग फाईल काढली. त्या वाक्यापाशी आले आणि म्हणाले, “दारापाशी आलं की पाय बांधल्यासारखे होतात, त्यामुळे चालणं जड जातं.” त्यांनी मान हलवली. “हं. असं लिहायला हवं होतं.” मी पेन्सिलीने तसं समासात लिहून ठेवलं.

पट्ट्या नेहमीच उपयोगी पडतात असं नाही. औषधाचा असर उतरत आला की त्याही दिसेनाशा झाल्यासारखे ते उभे राहतात. फरशी पुसून पुसून दोन पट्ट्यांचे कोपरे उचलले गेले आहेत, त्यात धूळ बसून कडा काळ्या झाल्या आहेत. काल संध्याकाळी ते असेच तिसऱ्या पट्टीपाशी थांबले. मी या वेळी मागे नव्हते, पलीकडच्या खोलीत, उजेडाच्या बाजूला, जरा कडेला उभी होते. टाचा उचललेल्या, गुडघ्यांत ती थरथर. ते माझ्याकडे पाहत नव्हते, खाली पट्टीकडे पाहत होते. बाहेर कुणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला. मी काही बोलले नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि बोटं एकमेकांत अडकवून घट्ट धरून ठेवली होती, उजवा पाय पिवळ्या पट्टीवरून अलीकडे येईपर्यंत.